साताऱ्या-सांगलीकडच्या नवख्यांसाठी: लायसनच्या बंदुका आणि वाड्यातली जुनी हत्यारं घरात कुलपात कशी ठेवायची

एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त दोन बंदुका, हा आर्म्स अ‍ॅक्टच्या 2019 च्या दुरुस्तीनंतरचा नियम, आधी तीन चालायच्या. मान्यताप्राप्त रायफल क्लबचे मेंबर जे पॉइंट टू टू (.22 बोअरची छोटी रायफल) किंवा एअर रायफल टार्गेट प्रॅक्टिसला वापरतात त्यांना यात सूट आहे, बाकी सर्वसाधारण लायसनधारकाला दोनच. त्यामुळं परदेशातले व्हिडिओ बघून भिंतभर रायफली लावायचं स्वप्न कुणाला पडत असेल तर ते तिथंच सोडा. पण आपल्याकडं हत्यारं जमतात ती वेगळ्याच वाटेनं. एकत्र कुटुंब असतं, आजोबांच्या नावावर बारा बोअरची डबल बार (छऱ्यांची, दोन नळ्यांची बंदूक) असते, पाटणकडं शेत असल्यानं काकांची रानडुकरांपायी घेतलेली सिंगल बार असते, मिलिटरीतनं रिटायर होऊन बँकेत गार्ड लागलेल्या भावाचं स्वतःचं लायसन असतं, पुतणी नेमबाजी करते म्हणून तिची रायफल, आणि वर माळ्यावर पोत्यात गुंडाळलेल्या तीन-चार तलवारी, एक दांडपट्टा, भाल्याची पाती, कधीकधी ठासणीची (नळीच्या तोंडातनं दारू-गोळी ठासून भरायची) बंदूक पण. कायद्याच्या दृष्टीनं प्रत्येक वस्तू वेगळ्या माणसाची, घर एकच, कपाट एकच आणि बहुतेक वेळा किल्लीही एकच, ती देवघरातल्या खिळ्याला. खरा घोळ इथं आहे.

सगळे पहिलं विचारतात "तिजोरी कुठली घेऊ". माझ्या मते तो तिसरा-चौथा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, किल्ली कुणाकडं राहणार? त्याचं उत्तर ठरल्याशिवाय लाखाची तिजोरी आणली तरी ती लोखंडाचं कपाटच. किल्लीवर पुढं येतोच, पण कामाला लागताना सुरुवात मोजदादीनं करा.

आधी मोजदाद आणि कागद

एक वही घ्या आणि घरात आहे ते सगळं लिहून काढा. बंदूक असेल तर कुणाच्या नावावर, लायसन नंबर, त्यावरचा यूआयएन (लायसनधारकाचा सरकारी ओळख नंबर), हत्याराचा नंबर (नळीवर आणि बॉडीवर दोन्हीकडचा बघा, जुन्या बंदुकीत कधी कधी वेगळे निघतात आणि मग रिन्यूवलला डोकेदुखी होते), लायसनची मुदत कधी संपते. मुदत आता पाच वर्षांची असते, आणि पाच वर्षं म्हटलं की माणूस निवांत होतो आणि तारीख निघून जाते, म्हणून मोबाईलमध्ये सहा महिने आधीचं रिमाइंडर लावून ठेवा. फोटो काढा, नंबर दिसतील असे. चोरी झाली तर ठाण्यात पहिल्या दहा मिनिटांत हेच मागतात.

मोजताना तीन गोष्टी हमखास सापडतात त्या सांगतो.

एक, माणूस वारला आणि बंदूक कपाटातच आहे. हे लय घरांत आहे. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली, लायसन त्यांच्या नावावर, बंदूक आपली शिस्तीत कपाटात, आणि घरच्यांना वाटतं वारसाहक्कानं आपली झाली. तसं नसतं. लायसनधारक गेला की ते हत्यार ठेवायचा अधिकार पण संपला, ते जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर लायसन असलेल्या डीलरकडं जमा करायचं, पावती घ्यायची आणि मग वारसानं स्वतःच्या लायसनसाठी अर्ज करायचा, त्यातही दोनची मर्यादा आहेच. तेरावं उरकलं की या कामाला लागा, भावकीच्या वाटणीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका.

दोन, जुनी काडतुसं. ट्रंकेत, धान्याच्या कणगीमागं, आजीच्या पितळी डब्यात. कागदी खोळीची, फुगलेली, हिरवट पडलेली. ती विहिरीत टाकू नका, चुलीत तर अजिबात नको, आणि "चालतात का बघू" म्हणून नळीत घालायचा विचारही नको. लायसनधारक जिवंत असेल तर त्यानं ती डीलरला दाखवावी, नसेल तर ठाण्यात कळवा.

तीन, तलवारी. बंदुकीसारखं तलवारीला प्रत्येक ठिकाणी लायसन लागतंच असं नाही, पण नऊ इंचापेक्षा लांब नाहीतर दोन इंचापेक्षा रुंद पातं, जे घरकामाचं-शेतीचं नाही, ते शस्त्रांच्या यादीत येतं, आणि शासनानं अधिसूचना काढलेल्या भागात त्याला परवाना लागतो. शिवाय जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश अधनंमधनं निघतच असतात. तलवार घेऊन मिरवणुकीत नाचलेल्या पोरांवर आर्म्स अ‍ॅक्टनं गुन्हा, ही बातमी पेपरला आपण सगळेच वाचतो. म्हणून वडिलोपार्जित तलवारी असतील तर फोटो आणि माहितीसकट एक अर्ज ठाण्यात देऊन त्याची पोच घेऊन ठेवा, आणि तुमच्या गावाला काय नियम लागू आहे ते तिथंच विचारा. शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर ती पुरावस्तू धरली जाते, परदेशात पाठवता येत नाही, तेव्हा अमेरिकेतल्या भाच्याला भेट वगैरे डोक्यातनं काढा.

जागा कुठली

आता घरात फिरा. साताऱ्याचा जुना वाडा असेल तर खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, मजल्याला लाकडी तुळया आणि वर मातीचा माळा. लोखंडी तिजोरी रिकामीच शंभर-सव्वाशे किलो भरते, आत सामान धरून दीडशेच्या घरात जाते, ती शंभर वर्षं जुन्या पाटणीच्या मधोमध ठेवायची नसते. वर ठेवायचीच असेल तर भिंतीला लागून, तुळईच्या टोकापाशी, आणि आधी सुताराला किंवा इंजिनिअरला तुळईला वाळवी आहे का ते टोचून बघायला सांगा. शक्यतो खालीच, आतल्या खोलीत, जिथं दारातनं-खिडकीतनं नजर जात नाही.

पण सांगलीत नदीकाठी राहत असाल तर हे सगळं उलटं करा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट धोक्याची, आणि 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलेलं. 2005 झालं, 2019 झालं, 2021 झालं, तरी गावभागात, मारुती चौकाकडं, हरभट रोडला लोक खालच्या मजल्यावर कपाट ठेवतात. तिथं तिजोरी वरच्या मजल्यावरच हवी, स्लॅबच्या बीमवर. वर मजलाच नसेल तर पावसाळ्याच्या तोंडाला हत्यारं डीलरकडं जमा करून टाकलेली बरी. पाणी 40 फुटांवर आलं की बोटीची वाट बघत हत्यारांची बांधाबांध करायला वेळ नसतो, तेव्हा माणसं-म्हाताऱ्या-म्हशी हलवायच्या का बंदुका? कराडला संगमाजवळ राहणाऱ्यांनी पण हेच धरून चाला.

आणखी कुठं ठेवू नये: बाथरूमच्या भिंतीला, स्वयंपाकघराला लागून, पावसाला तोंड करून असलेल्या पश्चिमेच्या भिंतीला. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे खताची खोली. युरिया, पोटॅश, द्राक्षाला मारायची गंधकाची पावडर, बेदाण्याच्या शेडचं सामान, हे ज्या खोलीत असतं तिथं लोखंड बघता बघता खातं. तासगाव-मिरजेकडच्या मळ्यावरच्या घरांत फवारणीच्या औषधांच्या खोलीतच बंदुकीचं कपाट असतं, कारण ती एकच खोली कुलपात असते. कुलूप आहे हे बरोबर, खोली चुकीची आहे.

पत्र्याच्या शेडात पण नको. तलवारीची मूठ पात्याला आतनं राळ-लाखेनं बसवलेली असते, एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली लोखंडी पेटी तापली की ती लाख मऊ पडते आणि मूठ हलायला लागते. मग कुणीतरी वेल्डिंगवाल्याकडं घेऊन जातं आणि दोनशे वर्षांच्या तलवारीचं वाटोळं होतं.

तिजोरी घ्यायची का करून घ्यायची

कपड्याचं स्टीलचं कपाट म्हणजे तिजोरी नव्हे हे आधी डोक्यात घ्या. पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेरचा असतो, कटावणी घातली की दार वाकतं, आवाज पण फार होत नाही. आतला लॉकर सोन्यासाठी असतो, त्यात बंदूक मावत नाही, म्हणून ती हँगरमागं उभी राहते, साड्यांच्या आड. हे सेफ स्टोरेज नाही हो.

तयार गन सेफ मिळतात, ऑनलाइन पण मिळतात, पण महाग पडतात आणि गल्लीबोळातनं वाड्यात आणायचा खर्च वेगळा. मी तर म्हणीन साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीतल्या चांगल्या फॅब्रिकेटरकडून करून घ्या, फक्त ऑर्डर देताना काय सांगायचं ते नीट सांगा. प्लेट कमीत कमी तीन मिलिमीटर, दार चार-पाचचं. बिजागऱ्या आतल्या बाजूला, आणि बाहेर असल्या तर बिजागरीच्या बाजूला पण आतनं पिना, म्हंजे बिजागरी कापली तरी दार निघत नाही. हँडल फिरवलं की वर, खाली आणि बाजूला तिन्हीकडं दांडे गेले पाहिजेत. दार आणि चौकट यात कटावणीचं टोक शिरेल एवढी फट नको, चौकटीला आत दुमड ठेवायला सांगा. आतली उंची साडेचार फूट तरी हवी, कारण डबल बारची एकूण लांबी चार फुटांच्या आसपास जाते. पाठीला आणि तळाला बारा एमएमच्या अँकर बोल्टची भोकं आधीच पाडून घ्या, नंतर घरी ड्रिल मारत बसायला नको. आणि फॅब्रिकेटरला हे कशासाठी आहे ते सांगायची गरज नाही, "दुकानाची कागदपत्रं ठेवायचीत" म्हणा आणि विषय संपवा.

आत कप्पे करा. एकत्र कुटुंबात ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि कुणीच करत नाही. लायसन ज्याचं, हत्यार त्याच्याच ताब्यात, हा साधा हिशोब आहे. काकांची बंदूक पुतण्याला किल्लीनं केव्हाही काढता येत असेल तर ती काकांच्या ताब्यात राहिली का? लायसनवर दुसऱ्याचं नाव रिटेनर (लायसनधारकाच्या वतीनं हत्यार बाळगायची परवानगी असलेला माणूस) म्हणून असेल तर गोष्ट वेगळी, नसेल तर तो थेट अटींचा भंग. म्हणून एकाच मोठ्या तिजोरीत प्रत्येक लायसनधारकाचा उभा कप्पा, प्रत्येक कप्प्याला वेगळं दार आणि वेगळं कुलूप. बाहेरचं मोठं दार घरातला एक जाणता माणूस उघडणार, आतलं आपापलं. जरा किचकट वाटतं, पण भावाभावांत नंतर जे होतं त्यापेक्षा सोपंय.

बसवताना भिंतीकडं बघा. आरसीसी भिंतीत-स्लॅबमध्ये अँकर बोल्ट मस्त धरतात. दगड-मातीच्या भिंतीत नाही धरत, माती सुटते आणि बोल्ट हातानं बाहेर येतो. तिथं खाली सळ्या घालून सहा इंचाचा काँक्रीटचा कोबा टाकायचा आणि तिजोरी तळातनं त्याला बोल्ट करायची. नवा कोबा नीट वाळेपर्यंत हत्यारं आत ठेवू नका, ओलं काँक्रीट बरेच दिवस दमट हवा सोडत राहतं. तिजोरी आणि कोबा यांच्यामध्ये जाड रबरी शीट टाका, नाहीतर तळ गंजतो.

आतमध्ये नळी टेकवायला लाकडी खाचा करा आणि त्याला पातळ नमदा (दाबलेल्या लोकरीचं कापड) लावा. फोम नको, तो पाणी धरून ठेवतो.

आत ठेवायच्या आधी

प्रत्येक वेळी, प्रत्येक हत्यार, "आत्ताच तर रिकामी केली" असं असलं तरी. नळीचं तोंड वाळूच्या बादलीकडं, बोट घोड्यापासून लांब. डबल बार असेल तर मोडून (म्हणजे बिजागरीवर उघडून) दोन्ही घरं, काडतूस बसतं त्या जागा, डोळ्यानं बघा आणि बोट घालून बघा, संध्याकाळच्या उजेडात डोळा फसतो. मॅगझिनची रायफल असेल तर आधी मॅगझिन काढा आणि मग बोल्ट (गोळी आत ढकलणारा दांडा) ओढा, उलट केलं तर मॅगझिनमधली गोळी परत वर चढते आणि तुम्हाला वाटतं रिकामी झाली. रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडून सगळी घरं मोजा. एअर रायफल "खेळण्यातली" समजून दाराआड उभी करतात, ती पण कुलपातच.

ठासणीची बंदूक हा वेगळा प्राणी आहे. ती भरलेली आहे का रिकामी हे बाहेरनं कळत नाही, आणि पणजोबांनी भरून खुंटीला टांगलेली बंदूक तशीच भरलेली असू शकते, कोरडी राहिली तर दारू वर्षानुवर्षं खराब होत नाही. बघायची पद्धत अशी: कानावर (नळीच्या मागच्या टोकाला ठिणगी आत जायचं भोक असतं तिथं) बार उडवणारी टोपी नाही ना ते पाहायचं, नळीच्या तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही, तुम्ही पण नाही, बाजूनं एक सरळ लाकडी काठी हळूच आत सोडायची, लोखंडी गज नको. जिथं टेकली तिथं तोंडाशी खूण करायची, काठी बाहेर काढून नळीला बाहेरनं लावून बघायची. काठी कानाच्या भोकापर्यंत पोचत असेल तर रिकामी, दोन-तीन इंच अलीकडंच थांबत असेल तर भरलेली धरा. आणि मग काहीही खुडबूड न करता ठाण्याला कळवा, लायसनवाला बंदूक कारागीर येऊन ती मोकळी करील. आणि हो, ठासणीची असली, जुनी असली तरी ती बंदूकच. कायद्यातनं सुटतात ती फक्त अशी पुराणी हत्यारं जी दुरुस्त करूनसुद्धा चालूच शकत नाहीत, आणि ते आपण घरी बसून ठरवायचं नसतं.

काडतुसं वेगळी. वेगळी पेटी, वेगळं कुलूप, वेगळी किल्ली, जमलं तर वेगळी खोली. लायसनवर जेवढी लिहिलीत तेवढीच, आणि घेतल्याच्या पावत्या आणि वापरलेल्याचा हिशोब वहीत. खडकीच्या फॅक्टरीची बारा बोअरची असोत नाहीतर दुसरी कुठली, कोरडी आणि थंड जागा पाहिजे, गॅसच्या टाकीजवळ नको, दिवाळीच्या उरलेल्या फटाक्यांच्या खोक्यात तर नकोच नको. ठासणीची सुटी दारू घट्ट लोखंडी तिजोरीत कधी ठेवायची नाही, कोंडलेली दारू पेटली तर तिजोरीच बॉम्ब होते.

किल्ली

आता मूळ मुद्दा. आपल्या घरांत किल्ली लपवायच्या जागा सगळीकडं सारख्याच: देवघर, फोटोमागं, गादीखाली, डाळीचा डबा, कॅलेंडरमागचा खिळा, वहिनींच्या कपाटातली पर्स. चोराला या पाठ असतात आणि पोरांना त्याहून पाठ असतात. आठ वर्षाच्या पोराला टीव्हीचा रिमोट, आईचा मोबाईल आणि लाडवाचा डबा सापडतो, त्याला किल्ली सापडणार नाही? "आमचा बंड्या हात लावत नाही, त्याला दम दिलाय" हे उत्तर मी लय ठिकाणी ऐकलंय. दम दिल्यानं उत्सुकता वाढते, कुलपानं हात थांबतो.

मग करायचं काय? किल्ली लायसनधारकाच्या अंगावर, आणि घरात असताना अंगावर नको वाटली तर एक छोटी नंबरवाली पेटी भिंतीला बोल्ट करून त्यात. नंबर फक्त त्याला माहीत. जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको, 1674 पण नको, साताऱ्यात प्रत्येक दुसऱ्या माणसाचा पासवर्ड तोच आहे. डिजिटल लॉक घेतलं तर कंपनीतनं आलेला नंबर पहिल्या दिवशी बदला, बॅटरी दर दिवाळीला बदला, आणि सोबत आलेली इमर्जन्सी किल्ली त्याच तिजोरीत आत ठेवू नका, हसू नका, ठेवतात लोक.

डुप्लिकेट किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये, सीलबंद पाकिटात. त्याच पाकिटात एक चिठ्ठी, लायसनधारकाला काही झालं तर कुणी काय करायचं: तिजोरी कुणी उघडायची नाही, आधी ठाण्याला फोन, मग त्यांच्यासमोर उघडून जमा. ही चिठ्ठी घरातल्या बायकांना माहीत पाहिजे, कारण पुरुष माणूस गेल्यावर निस्तरायला त्याच असतात आणि बहुतेक घरांत त्यांनाच यातलं काही सांगितलेलं नसतं.

यात एक गोष्ट जड आहे पण लिहितो. घरात कुणी दारूच्या नादी लागलाय, कुणाचं कर्जापायी डोकं फिरलंय, कुणी गप्प-गप्प राहतंय, जेवत नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलतंय, तर तिजोरी कितीही भारी असली तरी हत्यार घरात नको, आणि तो माणूस लायसनधारक स्वतः असेल तर त्याच्याकडं किल्ली नको. डीलरकडं किंवा ठाण्यात जमा करता येतं, लाज वाटायचं कारण नाही, "रंगकाम काढलंय, गर्दी आहे" एवढं कारण भावकीला पुरतं. त्या माणसाला डॉक्टरकडं न्या. सगळं निवळल्यावर बंदूक परत आणता येते.

लग्न, जत्रा, वास्तुशांत, घरात पाहुण्यांचा राबता असला की दोन दिवस आधीच किल्लीचा बंदोबस्त करा. कुणीतरी मावसभाऊ "बघू तरी आजोबांची बंदूक" म्हणतोच. दाखवायची नाही. लग्नात हवेत बार काढायची हौस असेल तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि स्टेटसला फोटो नको, तलवारीनं केक कापायचा नको. पोलीस बघतात ते बघतात, चोर पण बघतात.

दमट हवा

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जावळी-पाटण-महाबळेश्वर पट्ट्यात जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग नळीचं काय होणार. खटाव-माण, जत-आटपाडीकडं एवढा त्रास नाही, तिथं धूळ जास्त.

तिजोरीत एक छोटा हायग्रोमीटर ठेवा, स्वस्त मिळतो. आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास राहिली की बास. फार कोरडं पण नको, दस्त्याच्या लाकडाला भेगा जातात. सिलिका जेल अर्धा-एक किलो, रंग बदलणारं घ्या म्हणजे भरलं की कळतं. ते गरम करून परत वापरता येतं, पण निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, स्वयंपाकाच्या कढईत अजिबात गरम करायचं नाही, जुनं भांडं वेगळं काढा. कापूर, कडुलिंबाचा पाला, डांबरगोळ्या यांनी किडे जातात, गंज नाही जात.

खोबरेल तेल लावू नका. माहितीये आजोबा लावायचे. थंडीत थिजतं, नंतर चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि खाली गंज धरतो. गन ऑइल आणा, नाहीच मिळालं तर शिवणाच्या मशीनचं तेल, फडक्यानं अगदी पातळ हात. हाताच्या घामात मीठ असतं, हात लावला की पुसायचं. कातडी खोळीत, कापडी कव्हरमध्ये, म्यानात वर्षानुवर्षं ठेवायचं नाही, ते प्रवासासाठी असतं, कातडं ओल धरतं आणि त्यातली रसायनं लोखंडाला लागतात. तलवार म्यानाबाहेर आडवी ठेवा, म्यान वेगळं. दांडपट्ट्याचं पातं लवचिक आणि लांब असतं, उभं टेकवून ठेवलं तर बाक धरतं, आडवं ठेवा, त्याला तिजोरीची लांबी पुरत नसेल तर भिंतीला कुलपाची लांब पेटी करून घ्या. नळी अधूनमधून तोंड खाली करून ठेवली की तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही.

2024 च्या जुलैपासून साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं बघायला जी झुंबड उडाली तेव्हापासून घराघरांत माळ्यावरच्या तलवारी खाली आल्यात आणि लोकांनी त्यांना चिंच, लिंबू, ब्रासो, सँडपेपर, एकानं तर ग्राइंडर लावलेला मी बघितला. कृपा करून करू नका. मुठीवरची सोन्या-चांदीची तार एका घासणीत निघते, आणि पात्याच्या पोलादातली लाटालाटांची नक्षी गेली की परत येत नाही. सुटा गंज तेलाच्या फडक्यानं निघेल तेवढाच काढा, बाकी राहू दे, वरनं म्युझियमवाले वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण पातळ लावा.

खंडेनवमीची पूजा जरूर करा, फक्त आधी सगळं रिकामं तपासून घ्या आणि लोखंडावर पाणी-दूध शिंपडायच्या ऐवजी ताम्हनात सोडा. ओलं हळदकुंकू पात्यावर लावलं तर त्याच संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरवा, झेंडूच्या माळा दसऱ्यापर्यंत पात्यावर लोंबत ठेवल्या की माळेच्या आकाराचा डाग उमटतो. कोहळा-लिंबू कापायचं तर विळी आहे घरात.

घर बंद असताना आणि इलेक्शनला

वारीला, चारधामला, पोरांकडं पुण्याला महिनाभर जाणार असाल तर जमा करून जा. कॅमेरा लावा, पण तिजोरीच्या खोलीच्या दाराकडं तोंड करून, तिजोरीच्या नंबरपट्टीकडं नको. चोरी झालीच तर "आधी शोधून बघू" करत बसू नका, लगेच ठाण्यात जा.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार जमा करायची नोटीस येते, सगळ्यांनाच येते असं नाही, पण आपल्याकडं बऱ्याच जणांना येते. नेताना नळीला आतबाहेर नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल, कारण तिथं पन्नास बंदुका एका खोलीत उभ्या असतात आणि तुमच्या बंदुकीला कुणी पुसणार नाही. नाव आणि नंबरचा पत्र्याचा बिल्ला तारेनं बांधा, कागदी चिठ्ठी तेलानं गळून पडते. पावतीवर हत्याराचा नंबर स्वतः वाचून बघा, दस्त्याला आधीपासून चीर असेल तर तीही लिहून घ्या. निकाल लागून परत घ्यायला जाल तेव्हा तिथंच, ठाण्याच्या आवारात, नंबर पावतीशी जुळवा, मोडून नळी उजेडाकडं धरून बघा, आणि घरी आल्यावर सगळं पुसून, नवीन तेल लावूनच कप्प्यात ठेवा.